श्वास धरला गेला तर बरं होईल

"ताई, तुमच्याकडच्या बाई औषध मागतात की भिंतीवरची पाटी वाचून दाखवतात, तेच मला कळत नाही."

औषधवाला हे माझ्या कानात पुटपुटला. त्याचं दुकान म्हणजे आमच्या जिन्याखालची खोली. काउंटरवर दोघं वाकले की कपाळाला कपाळ लागतं. ज्यांच्याबद्दल तो बोलत होता त्या बाई दाराशी वजनकाट्यावर उभ्या राहून काट्याकडे अविश्वासानं बघत होत्या, त्यामुळे त्यांना काही ऐकू गेलं नसावं.

त्याचं दुखणं असं होतं. बाई येतात, छान हसतात आणि म्हणतात, 'खोकल्याचं औषध झालं तर बरं होईल.' आता यावर माणसानं काय करायचं? 'द्या' नाही, 'देता का' नाही, 'अहो' नाही, 'भाऊ' नाही. पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, होईल की बरं, औषध घेतल्यावर सगळेच होतात. तर बाई मान डोलावून तशाच उभ्या, आणि मागे चार गिऱ्हाइकं खोळंबलेली. परवा म्हणे त्यांच्या पायावर कुणीतरी बूट ठेवला, तर त्या कळवळून म्हणाल्या, 'पाय बाजूला झाला तर बरं होईल.' आपल्याला काही सांगितलं गेलंय, हे त्या बूटवाल्याच्या लक्षातच आलं नाही.

मी हसले, कारण हसण्यासारखंच होतं. जिना चढताना मात्र ते हसू पहिल्याच मजल्यावर राहिलं.

ही बाई म्हणजे माझ्या धाकट्या भावाची दुसरी बायको. भाऊ लिफ्ट बसवतो. कंपनीनं त्याला दोन वर्षं लांबच्या एका शहरात हॉस्पिटलच्या लिफ्ट बसवायला पाठवलं होतं. तिथे ही एक्स-रे काढायची. बोट चेमटलं म्हणून हा तिच्यापुढे गेला, आणि हाड शाबूत निघालं तरी जातच राहिला. दोघं एकमेकांशी एका तिसऱ्याच भाषेत बोलतात, जी दोघांनाही धड येत नाही. संसार त्यामुळेच नीट चाललाय, असं आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात. लग्न करून ती इकडे आली त्याला चौदा महिने झाले होते, आणि चौदा महिने आम्ही पाठीमागे तिला 'नवी' म्हणत होतो. तोंडावर काय म्हणायचं ते कुणी ठरवलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी एक पँट आखूड करायला घेऊन मुद्दाम वर त्यांच्याकडे जाऊन बसले. कपडे दुरुस्त करणं हा माझा धंदा. हातात सुई असली की कान मोकळे राहतात, आणि का बसलीस असं कुणी विचारत नाही. थोड्या वेळानं भावाची मुलगी आली. तिला आम्ही मुंगी म्हणतो. अंगानं बारीक, आणि चावते. बावीस वर्षांची, कसल्याशा परीक्षेच्या मागे लागलेली. आत येता येता ती भिंतीकडे बघून म्हणाली, "दार उघडंच राहिलंय." नवीनं उठून दार लावलं. "चहा उरला असला तर चालेल." नवीनं चहा गाळला. "उद्या लवकर निघायचंय. डबा नसला तरी हरकत नाही."

"डबा होईल," नवी म्हणाली. "झाकण घट्ट लावलं गेलं तर बरं होईल."

सुई माझ्या बोटात गेली. तू नाही, तुम्ही नाही, हाक नाही, नाव नाही. एका खोलीत दोघी समोरासमोर उभ्या राहून दोन सूचनाफलकांसारख्या बोलत होत्या. आणि मला कळलं की नवीचं मराठी चुकीचं नव्हतंच. ती बिनचूक शिकली होती, फक्त कानावर पडलं तेवढंच शिकली होती. नवऱ्याकडून काही नाही. माझ्याकडून काय, तर पहिले सहा महिने मी बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी ओरडून 'जेवण? झालं?' एवढंच विचारायची. त्यातून तिला चार नामं आणि मोठा आवाज मिळाला. बाकी सगळं व्याकरण मुंगीचं.

मुंगीला मी जिन्यात गाठलं. म्हटलं, काकू म्हण, मावशी म्हण, नावानं हाक मार, पण त्या बाईला काहीतरी म्हण. नुसत्या क्रियापदांवर माणूस किती दिवस काढेल? ती चावेल अशी माझी तयारी होती. ती फक्त म्हणाली, "आत्या, आमच्याकडे असंच बोलतात. पहिल्यापासून."

मला ते माहीत होतं.

मुंगीची आई वाईट नव्हती आणि माझा भाऊही नाही. पण त्यांचं एकमेकांशी शेवटचं सरळ बोलणं कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. दहा वर्षं तरी हे चाललं. 'पंखा बंद झाला तर झोप लागेल,' हे ती कपाटाला सांगायची. 'गॅस संपत आलाय,' हे तो कॅलेंडरला. मध्ये टेबलापाशी मुंगी खाली मान घालून गणितं सोडवत बसलेली. मी त्यांच्याकडे गेले की दाराबाहेरच माझा आवाज आपोआप खाली यायचा. पाच वर्षांपूर्वी मुंगीची आई आठ दिवसांच्या तापानं गेली, आणि तेव्हापासून आम्ही सगळे तिच्याबद्दल चांगलंच बोलतो. अक्षर किती वळणदार, कपड्यांच्या घड्या किती नेटक्या. त्यातलं खोटं काहीच नाही. ती गेली त्या दिवशी मीही खूप रडले. रडता रडता आणखीही काहीतरी वाटलं होतं, पण त्याचं नाव मी घेतलं नाही. भावानंही नाही. मुंगीला तर कुणी विचारलंच नाही.

एरवी मी हे प्रकरण तिथेच सोडून दिलं असतं. पण गोष्ट आता खोकल्याच्या औषधाची राहिली नव्हती. नवीला एका एक्स-रे सेंटरनं नोकरीसाठी बोलावलं होतं. तिथली यंत्रं तिला आमच्या मिक्सरपेक्षा जास्त ओळखीची. हात बसलेला, प्रमाणपत्रं पक्की. तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, एका पेशंटच्या छातीचा एक्स-रे काढून दाखवा. नवीनं त्याला व्यवस्थित उभं केलं, काचेच्या आड गेली आणि म्हणाली, "श्वास धरला गेला तर बरं होईल." पेशंटनं वळून विचारलं, "कुणाचा?" तेवढ्यात बटण दाबलं गेलं होतं. फिल्मवर बरगड्या अशा आल्या, जशा काही हलत्या पाण्यात पडल्यात. मुख्य बाई चांगल्या. त्या म्हणाल्या, तीन आठवड्यांनी पुन्हा या, तोवर बोलणं जरा सरळ करून घ्या.

त्याहून जास्त वेळ नवीकडेही नव्हता. तिच्या जुन्या हॉस्पिटलनं तिची जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती. इथे जमलं नाही तर मी परत जाईन, असं तिनं भावाला सांगून टाकलं होतं, आणि तेही रुसून नव्हे. वीस वर्षं नोकरी केलेली बाई. दिवसभर घरात बसून 'झालं तर बरं' म्हणत राहणं तिला जमणारं नव्हतं. भावानं सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ खिडकीची कडी तपासली. तू काय म्हणालास, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, काय म्हणणार.

मग मी शिकवायला घेतलं. शाळा मी दहावीच्या अलीकडेच सोडलेली. पुढचं जे काही आलं ते वाचून, ऐकून आणि भांडून. वाटलं, त्यात काय, आपलीच तर भाषा. पहिल्याच दुपारी घाम फुटला. लहान मुलाला 'घ्या' म्हणायला शिकवलं की ते 'घ्या' म्हणतं. मोठं माणूस आधी विचारतं, का. ही विचारायची ती अर्धं मराठीत, अर्धं त्यांच्या त्या तिसऱ्या भाषेत. 'घे'चं 'घ्या' होतं, 'दे'चं 'द्या', 'ने'चं 'न्या'. मग 'ये'चं 'य्या' का नाही? आयुष्यभर मी लोकांना 'या, बसा' म्हणत आले, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, असंच असतं. तिनं वहीत लिहून घेतलं. आठवडाभरात वहीत 'असंच असतं' इतक्या वेळा आलं की तिला तो एखादा नियमच वाटायला लागला.

'लागणे' या क्रियापदानं तर तिचा जीव काढला. भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, दिवे लागतात, डोळा लागतो. तिनं विचारलं, याचा खरा अर्थ कोणता? मी बोटांवर मोजायला बसले आणि दोन्ही हातांची बोटं संपली. ती म्हणाली, तुमची बाकीची क्रियापदं रजेवर गेली आहेत का? मग मी सांगितलं की नातंसुद्धा लागतं. मी तुझी नणंद लागते. तिनं लगेच वाक्य करून पाहिलं: "मुंगी माझी कोण लागते?" मी गॅसवरचं दूध बघायला उठले. गॅसवर दूध नव्हतं.

'मी आले', 'मी बसले', हे तिला कळलं. पण मग 'मी श्वास सोडला' का? सोडणारी बाई, आणि क्रियापद श्वासाच्या बाजूनं कसं? मी म्हटलं, बाईनं राबावं आणि नाव कामाचं व्हावं, यात नवल काय. हे तिला इतकं पटलं की त्यानंतर ती तिथे एकदाही अडखळली नाही. दहा वेळा घोकून जे होत नव्हतं ते असं एकदा पटलं की होऊन जायचं. पण हाड 'ते', बरगडी 'ती' आणि मणका 'तो', यात पटण्यासारखं काहीच नव्हतं. त्यावर तिनंच उपाय काढला. मोठ्या कागदावर सांगाडा काढला, 'तो' असलेली हाडं निळी, 'ती' लाल, 'ते' हिरवी रंगवली, आणि कागद कपाटाच्या दारावर चिकटवला. भाऊ कामावरून आला, दारातच थबकला, आणि बायकोशी पहिल्यांदाच मराठीत बोलला. "हा कोण?"

"हा तो आहे," नवी म्हणाली. "पण कवटी ती आहे."

त्यावर भाऊ जसा हसला, तसा त्या घरात हसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

घोडं अडलं ते शेवटी आज्ञेपाशी. रूपं सगळी पाठ होती, पण समोर माणूस आला की जीभ जुन्याच रुळावर जायची. 'श्वास धरा' म्हणायला निघायची आणि वाटेतच 'धरला गेला तर' व्हायचं. त्यात तिला तू आणि तुम्हीचा घोळ सुटेना. मी सांगितलं, लहानांना तू, मोठ्यांना तुम्ही. ती म्हणाली, आई? मोठीच, पण आईला तू. देव? तू. सासू? तुम्ही. नवरा? ते ज्याच्या त्याच्या घरावर आहे. कुत्रा? तू. तिनं वहीत दोन रकाने केले, आणि आई, देव आणि कुत्रा एकाच रकान्यात आलेले बघून बराच वेळ पेन चावत राहिली. मग म्हणाली, म्हणजे जे जवळ, ते तू. मी म्हटलं, तसं धरून चाल. माझ्यावर सराव करून बघितला, तर मला हसू यायचं; हसणारा पेशंट काय कामाचा.

दुसरा आठवडा लागला होता. मुंगी पाणी प्यायला बाहेर आली होती आणि पेला हातात धरून दाराशी ऐकत उभी होती. मग पेला ठेवून ती सरळ कपाटासमोर गेली, सांगाड्याला छाती टेकवली आणि कपाटालाच म्हणाली, "पेशंट आलाय."

नवी उठली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मुंगीच्या पाठीकडे. "तू म्हटलं गेलं तर चालेल, की तुम्ही?"

"तू म्हटलेलं चालेल," मुंगी म्हणाली.

"हनुवटी वर कर." मुंगीनं केली. "हात कमरेवर ठेव. खांदे पुढे. मोठा श्वास घे. धर. हलू नकोस."

मुंगी हलली नाही. मी टेबलापाशी बसून मनात तीन मोजले.

"सोड."

त्या घरात कुणी कुणाला काही इतकं सरळ सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. माझाच श्वास अडकला होता, तोही मी सोडला.

त्यानंतर रोज चार वाजता अभ्यास बाजूला ठेवून मुंगी हजर व्हायची. छाती, मनगट, गुडघा, मान. तिच्या अंगातलं एकही हाड तपासायचं राहिलं नाही. चूक झाली की ती भिंतीला सांगायची. "वळ. वाळ नाही. वाळायला पेशंट काय चादर आहे?" नवी हसायची, आणि पुढच्या वेळी मुद्दाम वाळ म्हणायची. पण मुंगीच्या तोंडून तिच्यासाठी अजून ना तू निघत होतं, ना तुम्ही. मीही तो विषय काढला नाही. जे आपसूक चाललं होतं त्याला टाका घालायला जावं आणि शिवणच उसवावी, अशी मला भीती.

तीन आठवडे संपले. सेंटरच्या बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो: मी, मुंगी आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला भाऊ. तो समोरच्या लिफ्टकडे बघत होता. दार बंद व्हायला जरा जास्त वेळ घेतंय, एवढंच काय ते तो अर्ध्या तासात बोलला. आत काठी टेकत एक आजोबा गेले. चेहरा असा की डॉक्टरच यांच्याकडे तपासून घ्यायला येत असावेत. तपासणीच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. नवीची पावलं काचेच्या आड गेली, आणि मग आवाज आला, अगदी स्वच्छ.

"आजोबा, हनुवटी वर कर."

मुंगीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दोन आठवडे नवीनं एकाच पेशंटवर सराव केला होता, आणि जिभेला आता तेवढंच वळण लागलं होतं. आमच्याच हातानं आम्ही तिचं वाटोळं केलं, असं मला वाटलं. आतून पुढचं येतच राहिलं. हात कमरेवर ठेव. खांदे पुढे. मोठा श्वास घे. धर. हलू नकोस. मग काहीच नाही. बाहेर आम्हीही कुणी हललो नाही.

"सोड."

मग आजोबांचा आवाज आला. आता पुन्हा घ्यायला परवानगी आहे ना बाई, असं ते विचारत होते. रागावलेले वाटत नव्हते. शाळेत असताना कुणी दटावल्यावर मुलं जशी गुमान ऐकतात, तसे वाटत होते.

काही वेळानं मुख्य बाई फिल्म घेऊन बाहेर आल्या आणि ट्यूबलाइटखाली उंच धरून बघू लागल्या. मागे नवी, तळहात ओढणीला पुसत. बाईंनी फिल्म वरून खाली, खालून वर पाहिली. एक-एक बरगडी रेघेनं आखल्यासारखी आली होती.

"व्याकरण काही फिल्मवर उमटत नाही," मुख्य बाई म्हणाल्या. "मोठ्या माणसांना 'धरा' म्हणायचं, तेवढं बघा. एक तारखेपासून या."

त्या आत गेल्या तरी नवी उभीच. मग ती माझ्याशेजारी बाकावर बसली. भावानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. हसावं की रडावं ते कुणालाच कळत नव्हतं, म्हणून आम्ही दोन्ही थोडं थोडं केलं. जरा वेळानं नवीनं छातीवर हात ठेवून मला विचारलं, "ताई, इथे वजन होतं. आता खाली ठेवलं. याला काय म्हणतात?"

मी म्हटलं, हायसं वाटलं म्हणतात.

तिनं पिशवीतून वही काढली, लिहिलं, आणि सवयीनं पुढचं विचारलं. हायसं कधी वाटतं? मी सांगितलं, घट्ट चप्पल काढली की वाटतं. हरवलेली किल्ली सापडली की वाटतं. पाहुणे गेले की वाटतं.

तिचं पेन थांबलं. "कुणी गेलं, तरी वाटतं?"

तिला पाहुण्यांबद्दलच विचारायचं होतं. तिला बिचारीला काय कल्पना. पण भाऊ वाकून बुटाची नाडी बघायला लागला. मी पाहुण्यांचंच काहीतरी पुढे रेटणार होते. मुंगी समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिथून तिनं नजर काढली आणि नवीकडे पाहिलं, सरळ तिच्या तोंडाकडे.

"वाटतं," मुंगी म्हणाली. "आई गेली तेव्हा मी खूप रडले, आणि मला हायसंही वाटलं. दोन्ही वाटलं. तू लिहून घे."